खड्डा वजा करून

पाणीपुरवठ्याची आमची लेव्हल जुनी आहे,
तिच्या दुर्बिणीत माणूस उलटा दिसतो.
नऊ वर्षं मी दासरींना असंच बघत आलेय:
चपला आभाळाला टेकलेल्या,
टोपी खाली, पडत मात्र नाही,
आणि चार मीटरची पट्टी
वरून कुणी विहिरीत सोडावी तशी.

डोळा काढला की सरळ होतात.
दाजी पेठेच्या कोपऱ्यावर, उन्हात, गालात तंबाखू,
"मॅडम, वाचा की लवकर."

लक्ष्मीपती नरसय्या दासरी.
सेवापुस्तकात पद: खलाशी.
समुद्र पाहिलेला नाही.

पण समुद्रापासूनची उंची सगळ्या गावांची पाठ.
आधी लग्नकार्याला जाता-येता
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची खालची बारीक ओळ
वहीत उतरवायचे. गाडी घाईत असली
तर आकडा अर्धा, उरलेला परतीच्या प्रवासात.
मग नातवाचा मोबाईल आला आणि वही जगभर सांडली.
ला पाझ, छत्तीसशे. शेजारी बारीक अक्षरात:
डाळ लवकर शिजत नाही.
ल्हासा. किटो. आदिस अबाबा.
ॲमस्टरडॅमपुढे वजाचं चिन्ह, दोनदा गिरवलेलं,
पहिल्यांदा स्वतःच्याच हातावर विश्वास बसला नसावा.

सोलापूर साडेचारशेच्या थोडं वर.
"पुणं आपल्याहून शंभर मीटर वर, हैदराबाद बी जवळपास तेवढंच.
पोरं तिकडं चढून जातात,
आन् पैसे उतारानं येतात, थेंब थेंब."
हसले. मी बॅकसाइट लिहिली.

एकदा त्यांनी विचारलं,
समुद्र तर हलतो, मग शून्य कुठं ठेवतात?
मी म्हटलं, वर्षानुवर्षं भरती-ओहोटी लिहून काढतात,
सगळ्याची बेरीज, मग भागाकार.
बराच वेळ गप्प.
"म्हंजे समुद्र तिथं नसतोच कधी."
असतो की, जाता-येता.
त्यांना ते पटलं नाही.

आमचा बेंचमार्क एका बंद गिरणीच्या पायरीवर.
माग भंगारात गेले, पत्रे गेले, भोंगा कुठं गेला देव जाणे,
पायरी राहिली, तिच्यावर कोरलेला बाण राहिला.
तिथून आम्ही शहर मोजत निघतो.
शहराला एक उंची नसते, हे नकाशाला कोण सांगणार?
टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत
अकरा सेंटिमीटरवरून
मी शेजाऱ्यांना वर्षभर अबोला धरताना पाहिलंय.

मार्चमध्ये त्यांच्याच बोळाची लेव्हल निघाली.
चौथ्या दिवसाचं पाणी, नळाला जोर नाही,
म्हणून दारापुढं खड्डा, सिमेंटचा, दोन पायऱ्यांचा,
आणि खड्ड्यात राजव्वा, पदर खोचून, घागर नळाखाली.
"पट्टी रस्त्यावर धरू का खाली?"
नियमानं रस्त्यावर. मी म्हटलं, दोन्हीकडं धरा.

ते उतरले. मी डोळा लावला.
उलट्या दुर्बिणीत जे खोल, ते वर जातं:
घराचं छप्पर तळाशी, बोळ मधे,
आणि सगळ्यांच्या माथ्यावर राजव्वा,
घागर उपडी, पाणी आभाळाकडं पडत होतं.
आकडा मला दोनदा वाचावा लागला.

चौसष्ट सेंटिमीटर. त्यांनी वही काढली,
पट्टी काखेत, वही गुडघ्यावर,
सोलापूरखाली एक नवी ओळ:
आमचा नळ, खड्डा वजा करून.
मग टोपी मागं सारून मला म्हणाले,
"रस्ता आन् खड्डा, या दोन्हीच्या मधे
जगात कुठलं गाव बसतं, बघा की एकदा."

बघते म्हटलं.
तेवढ्यात राजव्वा तेलुगूत काहीतरी ओरडली,
धार बारीक झाली होती,
आणि ते पट्टी भिंतीला टेकवून
दुसरी घागर घ्यायला खाली गेले.