फ्रीजवरचा आकडा

नोव्हेंबरात मी कागदावर लिहिलं : बारा तास.
शाईने लिहिलं. फ्रीजवर डकवलं,
वीजबिलाच्या शेजारी,
आणि वाचनालयाची बस घेऊन निघाले
केरिमाकीच्या रस्त्याला, जिथे दुपारी तीनलाच
अंधार मुक्कामाला येतो.

वय एक्कावन्न.
पोहणं म्हणाल, तर आमच्याकडच्या बायकांचं :
मान वर, केस कोरडे,
शेजारणीशी गप्पा चालू.

तौनो आला. एकेकाळी पोरांना स्की शिकवायचा.
कागद वाचला, कॉफी प्याला.
दुसरा कप प्याला.
बूट चढवताना म्हणाला,
"घोड्याला विचारलंस का?"

जानेवारीत सायकल रिकाम्या गोठ्यात,
रोलरवर, जागच्या जागी.
बाहेर उणे बावीस. श्वास हँडलवर गोठायचा.
कानात बसमधली बोलकी पुस्तकं :
एक जाड कादंबरी म्हणजे ऐंशी किलोमीटर.
नायिका विधवा व्हायची, मी तिथेच असायचे,
गायीच्या दावणीसमोर,
कुठेही न पोचता घामाघूम.

मार्चमध्ये गुडघा बोलला.
तीन आठवडे पळायचं नाही, असं तालुक्याच्या बाईंनी सांगितलं,
आणि मी त्यांच्याच दारातून बसपर्यंत
पळत गेले, रागाने.
मग पाच आठवडे.

शाई खोडता येत नाही.
म्हणून वर दुसरा कागद : चौदा.

मेच्या शेवटी तळ्याने बर्फ सोडलं.
रबरी कातडं चढवायलाच वीस मिनिटं,
आणि चारशे मीटरवर
छातीत कुणी तरी दार लावून घेतलं.
उताणी झाले. आभाळ होतं.
तौनो होडीत बसून मासे धरत होता, पाठमोरा.
त्याच्या गळाला आमिष नव्हतं.
मी पाहिलं. बोलले नाही.

जूनमध्ये एकशे साठ किलोमीटर.
खिशात उकडलेले बटाटे, मिठाची पुडी,
आणि ते खायचेच विसरले.
एकशे तिसाव्याला माझ्याच बसच्या थांब्यावर,
माझ्याच वेळापत्रकाखाली बसून
हमसून हमसून रडले.
हिल्क्का आजी तिचं पुस्तक परत करायला आली.
"आज गुरुवार नाही," मी म्हणाले.
"माहीत आहे," म्हणाली, आणि डब्यातला
वाटाण्याचा रस्सा माझ्यापुढे सरकवला.
पुस्तक उशिराचं होतं. दंड मी घेतला नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
पण अंथरूण केवढं, ते कळायला
एकदा तरी त्यावर पडून पाहावं लागतं.

त्या रात्री हिशेब मांडला, पोस्टातल्या कारकुनासारखा.
पोहायला पावणेदोन. सायकलला आठ.
कपडे बदलायला पंचवीस मिनिटं, कारण मी मीच आहे.
पळायला, म्हणजे पळायला, चालायला,
खांबाला धरून उभं राहायला
पाच तास चाळीस.
बेरीज : पंधरा पन्नास.
सतराला फाटक बंद होतं.
मध्ये उरली सत्तर मिनिटं.
त्यात वारा, पंक्चर, ओकारी
आणि माझा स्वभाव, हे सगळं बसवायचं.

तौनोने तिसरा कागद वाचला.
बोट फिरवलं अक्षरांवरून.
"पेन्सिल?"
"पेन्सिल."
त्याने खुर्ची ओढली, आणि हिवाळ्यापासून पहिल्यांदाच
तिसरा कप मागितला.

ऑगस्टात सगळ्या थांब्यांवर चिठ्ठी लावली :
शुक्रवारी बस येणार नाही.
सोमवारीही नाही.
खाली कुणीतरी, थरथरत्या अक्षरात :
सोमवारी का नाही?

मी पेन्सिल काढली, लिहिलं :
घोड्याला विचारून सांगते.