बरोबरच्या आधीचा तारा

हळदीची पूड कीबोर्डात इतकी मुरलेली
की एंटर दाबला की बोट पिवळं होतं.
सांगलीच्या मार्केट यार्डात, पद्मण्णा खोतांच्या अडतीवर,
ऐन सौद्याच्या मंगळवारी
जुना सर्व्हर एक लांब शिटी वाजवून गप्प झाला.
मी मशीन नवं दिलं. मशीनचं काय, ते मिळतं.

प्रश्न प्रोग्रॅमचा.
व्हीबी सिक्समधला, बाबगोंडा मगदूमांनी लिहिलेला,
दोन हजार एकच्या उन्हाळ्यात, इथंच, वजनकाट्याशेजारी बसून.
मगदूम आता नाहीत.
प्रोग्रॅम रोज सकाळी 'नमस्कार, तारीख तपासा' म्हणतो
आणि रेहाना मुजावर खरंच तपासते.

सगळ्यात नवा सर्व्हर आणला.
जुना बॅकअप उघडायलाच तो तयार नाही.
बाराच्या आवृत्तीचाही तोच सूर.
पाचची म्हणाली, घेते,
पण नव्या विंडोजच्या उंबऱ्यावरच अडखळली.

मग मी शहाणपणा केला,
तक्ते एकेक करून नव्यात ओतले.
सगळं चाललं, एका यादीपाशी अडलं:
खातेदार, मग तारा, मग बरोबर, मग आवक.
ही खूण नव्यांना कळत नाही.
मी तारा खोडला, नुसतं बरोबर ठेवलं.
यादी झरकन आली.

रेहानानं चष्मा वर सरकवला.
"नावं कमी हायत."
मोजली नव्हती तिनं.
"गुंडू तेरदाळे कुठं गेले म्हैसाळचे?
त्यांच्या खाली कवठेपिरानच्या शांताबाई येत्यात."
चारशे बारा होती. तीनशे सदुसष्ट उरली.

तेव्हा कळला तारा.
ज्यांचं यंदा एक पोतंही आलं नाही,
ज्यांनी ऊस लावला, जे पोराकडं पिंपरीला गेले,
जे महापुरानंतर फिरकलेच नाहीत,
त्यांचंही नाव राहू दे, समोरचा रकाना मोकळा ठेवून,
एवढं सगळं मगदूम सांगून गेले होते
टिकलीएवढ्या खुणेत.

नव्या रीतीनं लिहिता आलं असतं, हो.
पण असे तारे किती ते शोधले:
एकशे अडतीस.
आणि बाहेर हमाल पोती उलथत होते.

शेवटी दोन हजार आठ.
नव्या घरात राहतो, जुन्याचं बोलणं ऐकू येतं त्याला.
कंपनीनं मात्र त्याची विचारपूस सोडलीय,
म्हणून इंटरनेटची वायर काढून खिशात घातली.
पद्मण्णा बघत होते.
"हरिपूरच्या पेवागत केलंस की,
तोंड लिंपून टाकलंस."
थोडं थांबून म्हणाले,
"पेव उघडताना आधी दिवा सोडतात आत.
इझला, तर उतरायचं न्हाई."
मी हसलो. मग बिलाच्या मागं लिहून ठेवलं,
कोण कधी उघडणार आहे कुणास ठाऊक.

रेहानानं एफ सात दाबला.
चारशे बारा.
खाते क्रमांक एक: मगदूम बाबगोंडा.
आवक मोकळी. मागच्या वर्षी मोकळी, त्याच्या मागच्याही.
हळदीचा एक कोंबसुद्धा कधी विकला नव्हता त्यांनी,
चाचणीसाठी घातलेलं नाव असणार.
पुसू का, म्हणालो.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली,
"तिथनं तर सुरू होती यादी,"
आणि पुढच्या पावतीचं वजन विचारायला
खिडकीतून बाहेर वाकली.