एक जानेवारी

विडमांतास कौनासमध्ये ट्रॉलीबस चालवतो.
खिशात चार मेगापिक्सेलचा कॅमेरा,
सेलचं झाकण रबरबँडने आवळलेलं.

बटण दाबलं की तो आधी जरा विचार करतो,
मग फोटो काढतो.
तोवर कुत्रं निघून गेलेलं असतं,
उरते ओली पायरी.

शेवटच्या थांब्यावर मिळालं ते:
बिटांचं पोतं, काचेवरची वाफ,
डुलकी लागलेली तिकीट तपासणारी बाई,
कुणाचा तरी अर्धा हात.

सेल बदलले की घड्याळ मूळपदावर.
प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तेच नारिंगी आकडे:
एक जानेवारी, दोन हजार चार.

"नीट लाव की तारीख," बहीण नेरिंगा म्हणते.
तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

वीस हिवाळे मावलेत त्या एका दिवसात,
आणि अजून
संध्याकाळ व्हायचीय.