टॅफीसाठी

डिसेंबरातल्या शनिवारी, डंडीत,
सकाळी आठला बाहेर उजेडही नसतो तेव्हा
मला एक खुर्ची मिळते, कागदी रुमालांचा खोका
आणि एक मेलेला कुत्रा.

कुत्र्याचं नाव टॅफी. मी त्याची मालकीण.
शेजाऱ्याच्या भरवशावर त्याला ठेवून गावाला गेले,
फाटक उघडं राहिलं, रस्त्यावरून व्हॅन आली.
दारातून जो कोणी आत येईल तो माझा शेजारी.
हे मला सांगायला त्याच्याकडे सात मिनिटं.
मग घंटा, मग पुढचा.

मी काही नटी नाही.
एकतीस वर्षं बसडेपोत
हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे बसले:
छत्र्या, कवळ्या, एकदा तर ट्रम्बोन.
काय हरवलं की माणूस कसं तोंड करतो
हे मला पाठ आहे.
म्हणूनच घेतलं असेल मेडिकल कॉलेजने.

ही मुलं. नवे कोट,
कॉलरला अजून दुकानातली घडी,
छातीवर नावाऐवजी आकडा.
"तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकतो,"
आणि मान उजवीकडे कलते. सगळ्यांची उजवीकडेच.
कुठेतरी एकच शिकवणी असणार.
सहा नंबरने तर हे मी रडायच्या आधीच म्हटलं.
अकरा नंबर स्वतःच इतका रडला
की माझ्या खोक्यातला रुमाल मीच त्याला दिला;
कोपऱ्यातले डॉक्टर प्रिंगल पेन्सिल थांबवून
छताकडे बघत राहिले.

गुण मी देत नाही. मी फक्त विचारायचं,
"फाटक कोणी उघडं ठेवलं?"
"राहिलं," म्हणतात. "राहून गेलं."
व्याकरणात लपायला जागा पुष्कळ.

सतरा नंबर आली दुपारी, सँडविचनंतर.
बोलण्यावरून शेटलंडकडची.
अंगठ्याला निळी चिकटपट्टी,
मासळीच्या कारखान्यात लावतात तसली.
उभ्यानेच म्हणाली,
"फाटक मी उघडं ठेवलं. टॅफी मेला."
मग बसली. मग काहीच नाही.
मी रडले, ठरल्याप्रमाणे.
तिने रुमालही पुढे केला नाही. बसून राहिली.
बऱ्याच वेळाने विचारलं,
"किती वर्षांचा होता?"

हे माझ्या कागदावर नव्हतं.
मी म्हणाले, "एकोणचाळीस."

एवढ्या वयाचा कुत्रा नसतो.
एवढ्या वयाचा संसार असतो.
सातव्या मजल्यावर तो तरुण डॉक्टर
दोन्ही हातांत फायली, पायाने दार अडवून
मला म्हणाला होता, "मिस्टर गिलक्रिस्ट राहिले नाहीत,"
आणि त्याच्या हातातलं ओझं बघून
मीच त्याच्यासाठी दार धरलं होतं.

सतरा नंबर हसली नाही. माझी चूकही काढली नाही.
अंगठा मुठीत धरून म्हणाली,
"म्हणजे घरातलं सगळं त्याच्याच वेळांवर चालत असणार."
"हो," मी म्हणाले. "सहाला चहा."
घंटा झाली.

मधल्या सुट्टीत प्रिंगल जवळ आले.
"एकोणचाळीस?"
"ओळ विसरले."
"पुढचं काही मांडलं नाही तिने. उपाय नाही,
समारोप नाही. त्याचे रकाने आहेत."
बिस्किट त्यांनी जरा जास्तच वेळ बुडवलं,
अर्धं कपातच राहिलं.
काय लिहिलं ते मी विचारलं नाही.
विचारायचं नसतं.

मग अठरा. मान उजवीकडे.
कोणी विचारलंच तर सांगायला
मी टॅफीचं वय नऊ ठरवून ठेवलं होतं.
चोवीसपर्यंत कोणी विचारलं नाही.

कुत्रा आम्ही कधी पाळलाच नाही.
फर्गसला केसांनी शिंका यायच्या.

साडेचारला पुन्हा अंधार.
बसमध्ये सीटवर कुणाचा तरी एक हातमोजा,
आतून अजून गरम.
उतरताना ड्रायव्हरकडे दिला.
खिडकीमागे हल्ली कोण बसतं, माहीत नाही.