एक पूर्ण

अमळनेरच्या तिकीट-खिडकीत एकतीस वर्षं बसले.
शिंदखेडा एक पूर्ण. दोंडाईचा दोन पूर्ण, एक अर्धं.
सुट्टे द्या. पुढे व्हा.

म्हणून जहाजवाल्यांचा हिशेब पटला नाही:
एकटी असाल तर भाडं दोघांचं.
भांडले. मग भरलं.
दुसऱ्या पलंगावर निजवला उडदाच्या पापडांचा डबा,
शेजारी कळण्याच्या पिठाची पिशवी.
पैसे मोजलेत, पडा निवांत.

निघताना सुभद्राबाई दारात:
'कथा चालनी व माय, एकलीच?'
बेटांची नावं सांगितली.
तिला वाटलं, तापीपल्याड असतील.

बार्बाडोस. मग सेंट लुसिया.
डोंगरउतारावर केळी, घडांना निळ्या पिशव्या,
आणि मी एवढ्या लांब येऊन
फण्या मोजत उभी.
रावेरच्या व्यापाऱ्याने हा माल उचलला नसता.

पुढे नुसता समुद्र. सहा दिवस एकही स्टेशन नाही.
रोज रात्री घोषणा: घड्याळं तासभर पुढे करा.
जन्मभर गाड्यांचे उशीर सांगितले मी,
पण अख्खा तास असा कुणी उचलून नेताना
पाहिला नव्हता.

चौथ्या रात्री घड्याळ काढून पापडांच्या डब्यात टाकलं
आणि डेकवर गेले.
अंधारात कठडा हाताला गार लागला,
तेवढाच काय तो खरा.
कुठून, कुठे, किती जण –
कुणी विचारलं नाही.

आता बोरीच्या पात्रात वाळू, दोन गाढवं.
'काय देखं व तठे?'
पाणी, म्हटलं.

घड्याळ अजून त्या रात्रीच्याच वेळेवर आहे.
सुरत पॅसेंजर रोज चुकते त्यावर.