मंठा चौफुलीवर तेरा व्होल्ट

बंद गाडीत बारा पॉइंट चार.
स्टार्टर मारला, हेडलाईट लावले, रेस दिली: तेरा.
त्यापुढं मीटर हलेना.

मॅटाडोर सत्याऐंशीची. मागचा पलंग मी ठोकला,
पडद्याचं कापड इंदूनं निवडलं.
रात्री दिवे पिवळे पडतात,
पंखा घोंगावत घोंगावत झोपतो.

परभणीत एकजण म्हणाला, अल्टरनेटर बदला,
सेलूत दुसरा, बॅटरी.
ताहेरमियाँ काहीच म्हणाले नाहीत.
पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला,
मग लाल पिन अल्टरनेटरच्या बोल्टावर,
काळी त्याच्याच अंगावर.
चौदा पॉइंट एक.

"हा तर कमावतोय हो.
घरी पोचेपर्यंत खातंय कोण?"

लाल वायर निर्दोष सुटली.
मग एक पिन इंजिनावर, दुसरी बॅटरीच्या उण्यावर.
जिथं शून्य पाहिजे
तिथं अख्खा एक व्होल्ट.

ते गाडीखाली सरकले, चपला तेवढ्या बाहेर.
"चेसिसला रंग कोणी दिला?"
मी. दिवाळीत. निळा, दोन हात,
बोल्ट न सोडता, पट्टीखालीसुद्धा.
"लई मायेनं दिला," खालून आवाज,
"म्हणून तर अर्थ लागंना हिला."

पॉलिश पेपर घासत राहिला.
इंदू मोसंबी सोलत होती, हसू दाबून.

चौदा.
पंखा एकदम उठला
आणि तिच्या मांडीवरची सालं उडाली.

साठ रुपये, पेपरचे दहा धरून.
निळ्यात आता रुपयाएवढं उघडं लोखंड आहे.
त्यावर ग्रीस लावीन फक्त.