तारखांची पट्टी

पुस्तक विकत घेणारा माणूस मी नव्हे.
महिना ऐंशी रुपये, अनामत तीनशे,
पेरुगेटापासून चार मिनिटांवरचं वाचनालय,
जिन्याला कठड्याऐवजी दोरखंड,
आणि काउंटरवर नेनेबाई, ज्यांना माझा क्रमांक पाठ आहे,
नाव नाही.
एवढ्यात माझं भागतं.

शरयू ढमढेरे भेटल्या त्या रक्त तपासायच्या रांगेत,
टिळक रोडला, सकाळी सातला, दोघंही उपाशीपोटी.
मलपृष्ठावरच्या फोटोपेक्षा दहा वर्षांनी थकलेल्या,
पण हनुवटी तीच.
म्हणालो, तुमची कादंबरी तीनदा वाचली मी.
खरंच तीनदा.
त्यांचा चेहरा उजळला,
मग भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं,
"कुठून घेतलीत?"

आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालायचा, हे आईनं शिकवलं.
शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, तेही.
लेखकाला काय सांगायचं ते राहूनच गेलं.
"वाचनालयातून," म्हणालो,
आणि का कोण जाणे, आवाज खाली गेला,
जणू त्यांच्याच ताटातली कोशिंबीर उचलली होती.

"पेरुगेटच्या? मग हळदीचा डाग पाहिला असेल.
पान एकशे बारा.
जेवताना कोण वाचतं देव जाणे."

तो डाग माझा.
मी गप्प राहिलो.
तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं,
बाही वर सारत त्या पडद्याआड गेल्या.

घरी येऊन चहा गाळताना डोक्यात उजेड पडला:
यांना तो डाग कसा ठाऊक?

नेनेबाईंना रजिस्टर उघडावं लागलं नाही.
"दोन वर्षं हललं नाही की पुस्तक पोत्यात. कमिटीचा नियम.
त्या दर डिसेंबरात येतात, स्वतःचंच नेतात.
एकदा चार दिवस उशीर झाला,
तर दंडसुद्धा भरला.
मी नको म्हटलं होतं."

मागच्या पुठ्ठ्यावरची पट्टी पाहिली. अकरा शिक्के.
तीन माझे. सात डिसेंबरातले.
एक कुणाचा तरी, जूनमधला, पुसट.
त्या जूनवाल्याचा मी अजून विचार करतो.

किंमत दोनशे वीस. साडेसात टक्के धरले
तर लेखिकेला साडेसोळा रुपये.
एवढ्याच्या पुढं-मागं
मी पार्किंगवाल्याशी वाद घातलेला आहे.

अप्पा बळवंत चौकात तिसऱ्या दुकानात सापडलं,
माळ्यावरून, धूळ झटकून.
मी बाणेदारपणे म्हणालो, सवलत नको.
दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला.
"साहेब, दहा टक्के आमच्यातले जातात.
बाईंचे साडेसोळा आहेत तिथंच आहेत."
मग घेतली सवलत.

नवी प्रत घरी आहे, उघडताना कुरकुरते.
पान एकशे बारा स्वच्छ,
मी तिथं कधी जेवलोच नाही असं.
चौथ्यांदा वाचायला घेतली आणि तिसाव्या पानावर ठेवली.
विकत घेतलेल्याला परतीची तारीख नसते,
त्यामुळे मला घाई होत नाही.
सही घ्यायला जावं म्हणतो, पण मग डागाचं सांगावं लागेल.

एक डिसेंबरला वाचनालय उघडायच्या आधीच जिन्यात उभा होतो.
जुनी प्रत मागितली.
नेनेबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं,
शिक्का शाईत दोनदा दाबला.

त्या आठ तारखेला आल्या म्हणे.
"बाहेर आहे," नेनेबाई म्हणाल्या.
"काय?"
"बाहेर आहे. सभासदानं नेलंय."
"कुणी?" विचारलं नाही त्यांनी.
दोरखंड धरून निम्मा जिना उतरल्या,
परत वर आल्या,
आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा."